वीट क्रमांक एक

अक्षय्य तृतीया, सन १९५८. ठिकाण: पिंपळी, आमची ओसरी. वेळ: सकाळी नऊ. हजर: सासूबाई (पाटावर), आमच्या घरचे (दाराशी), नणंदबाई (माहेरवाशीण, म्हणून झोपाळ्यावर), बारामतीचे ओतकामवाले अमीनभाई (खांबाला टेकून), मी (वही घेऊन) आणि दाजी. शिवाय गोणपाटात गुंडाळलेली शिशाची एक वीट, वजन सव्वीस पौंड. ही वीट दाजींनी मुंबईहून दौंडपर्यंत आणि दौंडहून बारामतीपर्यंत आगगाडीत मांडीवर घेऊन आणली होती. फळीवर ठेवली आणि ती कुणाच्या डोक्यावर पडली तर काय, असा त्यांचा विचार.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. आमच्या घरचे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि आता निम्मं पिंपळी म्हणतं. त्यांच्या हाताखालून गेलेली कोणतीही वस्तू, जनावर किंवा माणूस पहिल्या तपासणीत पास झाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. त्यात माझी नणंदही आली. बघण्याच्या कार्यक्रमाला ते इंदापूरहून आले, पोहे खाल्ले, मुलीकडे एकदा पाहिलं आणि माळ्याच्या शिडीकडे तीनदा. मग माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण त्या शिडीची तिसरी पायरी आतून पोखरलीय. मुलगी तिच्यावरून चढत असेल तर आधी पायरी बदला." सासरे भडकले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "सोयरीक कराय आलंय का सुतारकी कराय?" आणि तिरीमिरीत पायरी किती मजबूत आहे ते दाखवायला स्वतःच वर चढले. पंधरा दिवस त्यांच्या घोट्याला आंबेहळदीचा लेप होता. दुसऱ्या खेपेला दाजी आले ते आधी नव्या पायरीवर उभे राहिले, दोनदा टाच आपटली आणि मग होकार दिला.

पुढे ते मुंबईला गेले, सरकारी अणुकेंद्रात लागले आणि चढत चढत तिथल्या सुरक्षितता आणि दर्जा तपासणी खात्याचे प्रमुख झाले. पिंपळीत हे समजावून सांगणं सोपं नव्हतं. पारावर त्यांना कुणीतरी हटकून विचारायचं, "दाजी, बाँब करताय न्हवं?" दाजी म्हणायचे, "नाही हो. मी काहीच करत नाही. दुसरे करतात, मी ते होऊ देत नाही." ऐकणाऱ्यांना ही सरकारी नोकरीची उत्तम व्याख्या वाटायची आणि विषय तिथंच संपायचा. खरं काम असं होतं की तिथं जे काही बसवलं जाई, मग तो नळ असो, झडप असो की भिंत, ते ठरल्याप्रमाणे आहे का हे दाजींची माणसं पाहत, ती माणसं नीट पाहतात का हे दाजी पाहत, आणि दाजी नीट पाहतात का हे कोण पाहतं, असा प्रश्न त्यांनी स्वतःच वरच्या साहेबांना लेखी विचारला होता. एका नव्या पंपाच्या वेळी पाहुणे आले होते, हार आले होते, पेढेही आले होते. पण एका झडपेच्या कागदावर दोन सह्यांच्या जागी एकच सही होती. दाजींनी पंप सुरू करू दिला नाही. दुसरी सही करणारा माणूस तापानं घरी पडला होता. पेढे वाटून झाले, पाहुणे परत गेले आणि पंप चौथ्या दिवशी सुरू झाला. मी विचारलं, "झडपेत दोष होता का?" म्हणाले, "नव्हता. पण तो नव्हता हे मला चौथ्या दिवशी कळलं."

त्यांचा एका शब्दावर फार राग. तो शब्द म्हणजे 'असेल'. दूध तापलं असेल, दार लावलं असेल, गाडी आली असेल, असं कुणी म्हटलं की दाजी हातातला घास ठेवून उठायचे आणि दूध, दार किंवा गाडी पाहून यायचे. जावईमाणूस ताटावरून उठला म्हणजे सासूबाईंच्या जिवाला घोर. शेवटी सासूबाईंनीच घरात ताकीद दिली, "जावईबापू हायेत तवर कुणी असंल म्हणायचं न्हाय. हाय म्हणा न्हायतर न्हाय म्हणा." ही शिस्त आम्हाला इतकी अंगवळणी पडली की दाजी मुंबईला गेल्यावरही चार दिवस आम्ही साक्षीदारासारखे बोलत असू.

एकदा आम्ही सगळे बारामतीहून इंदापूरला त्यांच्या घरी निघालो. एस.टी. लागली होती. आम्ही जागा धरल्या, दाजी खालीच. गाडीभोवती फिरून ते प्रत्येक चाकाच्या नटावर किल्लीनं टकटक करत होते, खिशातल्या घराच्या किल्लीनं. परत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मागच्या डाव्या चाकाचा एक नट ढिला आहे. आवाज बद्द येतोय." ड्रायव्हर पानाला चुना लावत होता. तो म्हणाला, "सायेब, तुमी मागं बसता, मी म्होरं बसतो. माझा जीव मला जड झालाय व्हय?" दाजी म्हणाले, "तुमच्या जिवाचं तुम्ही बघा. मागं एकोणतीस माणसं आहेत, त्यांना नट कुठं असतो तेही माहीत नाही." ड्रायव्हरनं गाडी सोडली. भवानीनगरला चहाला थांबल्यावर तो खाली उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि पाना घेऊन हळूच मागच्या डाव्या चाकाशी बसला. नंतर इंदापूरपर्यंत त्यानं दाजींकडे पाहिलं नाही. पण पुढं आम्हाला कळलं की तो आता गाडी काढण्यापूर्वी किल्लीनं टकटक करतो आणि प्रवासी त्याला हसतात.

एके दिवाळीत दाजी आले ते शर्टाच्या खिशाला अडकवलेली एक चपटी डबी तशीच घेऊन. कामावर ती लावावी लागे आणि ती काढायची राहून गेली होती. ही चूक त्यांना इतकी लागली की त्यांनी त्याच दिवशी स्वतःविरुद्ध एक पत्र लिहून टपालात टाकलं. सासूबाईंनी डबी निरखून पाहिली. "ताईत हाय जनू. दृष्ट लागू नये म्हणून घातलाय व्हय?" दाजी म्हणाले, "नाही मामी. लागली तर कळावी म्हणून." डबीत फिल्मचा तुकडा असतो आणि अंगावर किरण पडले की तो काळवंडतो, हे त्यांनी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "आन काळवंडला म्हंजी?" "म्हणजे मी काम नीट केलं नाही." असं म्हणून त्यांनी डबी खिशावरून काढून पेटीत ठेवली. फराळाचं ताट तसंच राहिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला लोक तऱ्हेवाईक म्हणतात खरे, पण हा रोज कशाशी तरी एकटा उभा असतो.

आता विटांचं. किरण अडवायला शिसं लागतं. अणुकेंद्रात शिशाच्या विटांची भिंत रचतात, आणि माणसं तिच्या अलीकडे उभी राहून काम करतात. वीट दोन इंच जाड, चार इंच रुंद, आठ इंच लांब. आत पोकळी नको, बाहेर खाच नको. मुंबईच्या कारखान्यांकडून विटा वेळेवर येत नव्हत्या. त्या अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या हिवाळ्यात दाजी बारामतीच्या बाजारात आले होते. इंदापूर रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडपाशी ते थांबले आणि अर्धा तास हलले नाहीत. आत अमीनभाई ऑईल इंजिनाचं बेअरिंग ओतत होते.

अमीनभाईंना सगळा तालुका ओळखायचा. विहिरीवरचं इंजिन बसलं की बेअरिंग काढायचं आणि अमीनभाईंकडे न्यायचं. ते जुना धातू वितळवायचे, नवा मिसळायचे, ओतायचे, घासायचे आणि बोटाच्या नखानं तपासायचे. पण दोनेक वर्षांत कंपन्यांची तयार बेअरिंगं खोक्यातून यायला लागली होती. आठवड्याला दहा कामं यायची तिथं दोन येऊ लागली. अमीनभाई आमच्या घरच्यांना म्हणाले होते, "तात्या, अजून सहा म्हयनं बघतो. न्हाय जमलं तर भट्टी इझवतो आन कारखान्यात फिटर म्हणून लागतो. बापानं पेटवलेली हाय, एकदा इझली की पुन्हा न्हाय पेटायची." पन्नाशीच्या माणसानं साखर कारखान्याच्या फाटकावर हजेरी लावायला उभं राहायचं, हे त्यांना जमणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

दाजींनी त्यांना चोवीस विटांचं नमुन्याचं काम मिळवून दिलं. मिळवून दिलं हे मी म्हणते; दाजी तसं म्हणू देत नाहीत. त्यांनी आधी साहेबांना कळवलं की हे गाव माझ्या सासुरवाडीजवळचं आहे, म्हणून ओतशाळेची निवड दुसऱ्यानं करावी आणि विटांची तपासणीही दुसऱ्यानं करावी. मग एक दुसरा माणूस येऊन शेड पाहून गेला. नियम असा ठरला: चोवीस विटा मुंबईला जातील, प्रत्येकीचं किरणांनी चित्र निघेल. सगळ्या पास झाल्या तर दोन हजार विटांचं काम. एक जरी नापास झाली तर खेप नापास. दोषाचं कारण नक्की सापडलं तर आणखी एक संधी, आणि नाही सापडलं तर ओतशाळेचं नाव यादीतून कायमचं बाद.

नोंदी ठेवायला भरवशाचं माणूस हवं होतं. दाजी अमीनभाईंना म्हणाले, "आमच्या वहिनींना धोब्याच्या कपड्यांपासून गवारीच्या पाट्यांपर्यंत सगळं लिहून ठेवायची सवय आहे." झालं. मी रोज भाजीच्या गाडीबरोबर बारामतीला जाऊ लागले. भाजी मंडईत, मी भट्टीवर. रकाने दाजींनी आखून दिले होते: विटेचा क्रमांक, शिशाची उष्णता, साचा कोरडा की नाही, ओतणारा, पाहणारा, वजन, सही. दाजींनी बारा नियमही लिहून भिंतीवर चिकटवले होते. भट्टीजवळ खायचं नाही, हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही, आणि पाण्याचा थेंबही साच्याजवळ येता कामा नये. हात धुण्यावरून अमीनभाई कुरकुरले, "नमाजाला पाच येळा धुतोच की!" दाजी म्हणाले, "मग अडचण कसली? जेवायलाही तसेच धुवा." पहिल्या आठवड्यात भट्टीवर बाई बसलेली पाहून गिऱ्हाइकं बाहेरूनच परत जायची. दुसऱ्या आठवड्यात तीच गिऱ्हाइकं मला विचारायची, "बाई, माझं बेअरिंग कुठवर आलं?" आणि मी वही पाहून सांगायची.

चोवीस विटा झाल्या, मुंबईला गेल्या, आणि महिन्याभरानं अक्षय्य तृतीयेला दाजी एक वीट मांडीवर घेऊन परत आले.

त्यांनी गोणपाट सोडलं. विटेवर एक आकडा कोरलेला होता: एक. मग पाकिटातून फिल्म काढून त्यांनी ती दाराच्या उजेडात धरली. करड्या पट्टीत मधोमध काळे ठिपके होते. मी मोजले. सात.

"पोकळ्या," दाजी म्हणाले. "सात."

"आन बाकीच्या?" अमीनभाईंनी विचारलं.

"तेवीस चांगल्या. मुंबईच्या विटांहून चांगल्या."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "मग झालं की! चोविसात तेवीस. शाळंत एवढं मार्क पडलं तर पेढं वाटत्यात."

"मामी, भिंत चोवीस विटांची असते. किरण चांगल्या तेवीस विटांना विचारून येत नाहीत. वाट मिळेल तिथून येतात."

"अवो, पण घरचं काम हाय! एवढी एक इट तिकडंच कुठंतरी आडबाजूला लावायची."

"आडबाजूलाही कुणीतरी उभं असतं मामी."

आमच्या घरच्यांनी विषय नेमक्या जागी आणला. "दाजी, कारण सापडलं का?"

"तेच विचारायला आलोय. तपासणी दुसऱ्यानं केली, पण खातेप्रमुख म्हणून परवा मला कारण लिहून द्यायचंय. पहिल्याच विटेत असं काय झालं, जे बाकीच्या तेविसांत झालं नाही?"

अमीनभाई खांबापासून सरळ झाले. "माझीच चूक हाय सायेब. पैली इट व्हती. शिसं जरा गार झालं असंल."

ओसरीवर कुणीही 'असेल' म्हणत नसे. आम्ही सगळ्यांनी एकदम दाजींकडे पाहिलं. पण दाजी रागावले नाहीत. त्यांनी माझ्यापुढं हात केला, मी वही दिली. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि उष्णतेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "शिसं गार नव्हतं. वहिनींनी लिहिलंय. साचा कोरडा, लिहिलंय. वहिनींची सही आहे. वहीशी न जुळणारं कारण नक्की धरता येत नाही. अमीनभाई, आता एकतर ही वही खोटी आहे नाहीतर तुम्ही."

"वही खोटी न्हाय," अमीनभाई म्हणाले. "मीच खोटा म्हणून लिवा."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते. आणि त्या न पाहण्यावरून मला सगळं आठवलं.

पहिल्या विटेच्या दिवशी सासूबाईही हौसेनं आल्या होत्या. नवं काम, सरकारचं काम; तसंच कसं सुरू करायचं? साचा कोरडा आहे हे पाहून मी वहीत तसं लिहिलं, सही केली. मग पेन ठेवून, पदर सावरून, साच्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर अक्षता टाकल्या. कुंकवात नुकत्याच कालवलेल्या, ओल्या. नवी चूल, नवी वही, नवं जातं, सगळ्यांना मी हेच करत आलेय. काही दाणे साच्याच्या आत गेले असणार. अमीनभाई पळी घेऊन थांबले होते. त्यांनी पाहिलं, क्षणभर घुटमळले आणि ओतलं. आतून चर्र असा आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "देवानं हुंकार दिला!" आम्ही सगळे खूश. वजन केलं, बरोबर भरलं. बाकीचं सगळं मी लिहिलं. तेवढंच लिहिलं नाही, कारण हळदकुंकू ही लिहायची गोष्ट आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पुढच्या तेवीस विटांना कुणी पूजलं नाही.

अमीनभाईंना पोकळी कशानं झाली ते फिल्म पाहताक्षणी कळलं असणार. तीस वर्षं ओतकाम केलेला माणूस. आणि घरच्या सुनेची पूजा नडली असं तिच्या सासूसमोर, नणंदेसमोर, जावयासमोर त्यांना म्हणायचं नव्हतं. भट्टी विझली तरी चालेल.

मी म्हटलं, "दाजी, मी ओल्या अक्षता टाकल्या साच्यात. लिहायच्या राहिल्या."

सासूबाईंना एकदम आमरसाची आठवण झाली आणि त्या आत गेल्या. दाजी उभे राहिले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता आणि त्यांच्या तोंडून इंदापूरची बोलीही कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. "वैनी! तापल्या शिश्यात पान्याचा थेंब? आवो, डोळं गेलं असतं की तुमचं! मामींचं, अमीनभाईंचं, समद्यांचं!" मग ते खाली बसले, चष्मा काढला, पुसला, आणि मुंबईच्या भाषेत म्हणाले, "वाफ झाली. आतल्या आत अडकली. हे कारण आहे."

अमीनभाई हळूच म्हणाले, "सायेब, मला दिसलं व्हतं. हात धरायला पायजे व्हता."

"का नाही धरला?"

"वैनी पूजा करत व्हत्या."

दाजींनी पेन काढलं. मग वहीच्या शेवटच्या पानावर कारण लिहिलं, खाली माझी सही घेतली, अमीनभाईंची घेतली आणि स्वतःची केली. आमच्या घरच्यांनी विचारलं, "म्हणजे आता कारण सापडलं. तेवीस चांगल्या आहेतच. तेवढी एक बदलून दिली तर?"

"नाही. चोवीसच्या चोवीस पुन्हा."

"अहो दाजी, शिसं वितळवायचं, पुन्हा महिनाभर..."

"चोवीस," दाजी म्हणाले. नणंदबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "दादा, राहू दे. मला बघायला दोनदा आले होते."

जेवणं झाली. दाजींनी आमरस घेतला नाही. सासूबाईंना वाटलं जावई रुसले. त्यांनी मला विहिरीकडे पाठवलं. दाजी मोटेच्या धावेच्या दगडावर बसले होते. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "वहिनी, लोकांना वाटतं मला नापास करायची हौस आहे. अमीनभाई माझ्याकडं बघत होते ना, तेव्हा मला वाटलं, द्यावी सही. कोण विचारतंय? पण त्या भिंतीपाशी उद्या कुणीतरी उभा राहील. मला त्याचं नाव माहीत नाही. त्याला वीट कुणी ओतली ते माहीत नसेल, नि मी कुणाचा जावई तेही. तो फक्त भिंतीला पाठ लावून काम करेल." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही बोललात म्हणून वाचलो. नाहीतर अमीनभाईंना बाद करून मी जन्मभर चुकीचं कारण खरं धरून बसलो असतो."

वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला: 'साचा तपासल्यावर ओतेपर्यंत जवळ कोण आलं व काय केलं'. दुसऱ्या खेपेला मी तो चोवीस वेळा भरला. पहिल्या विटेला भट्टीवर कुणीच आलं नाही. सासूबाईंनी घरीच देवापुढं दिवा लावला. मी तेही वहीत लिहिलं, आणि समोर लिहिलं, 'अंतर साडेतीन मैल'. विटा पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईला गेल्या. श्रावणात कार्ड आलं. दाजींचं नव्हतं, त्यांच्या खात्यातल्या दुसऱ्या माणसाचं होतं, कारण निकाल दाजींनी कळवायचा नाही असं दाजींनीच ठरवलं होतं. चोवीस पास. मी कार्ड घेऊन बारामतीला गेले. अमीनभाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग भट्टीकडे गेले आणि उगाचच कोळसा सारखा करत राहिले.

दोन हजार विटांचं काम आता निम्म्यावर आलंय. अमीनभाई फिटर व्हायला गेले नाहीत. दाजींचं येणं मात्र कमी झालं. यंदा संक्रांतीला नणंदबाई एकट्याच आल्या. त्या सांगत होत्या, रात्री उशीर होतो, केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला. दाजींच्या खात्यातल्या एकाच्या बायकोकडून त्यांना कळलंय की रोज सकाळी फेरी मारताना दाजी त्या भिंतीपाशी थांबतात, तळहात टेकवतात आणि पुढं जातात. "तपासतात की काय, कुणास ठाऊक," नणंदबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले, आणि वर म्हणाल्या, "बघ, मीसुद्धा नक्की सांगू शकत नाही."

हे ऐकल्यापासून अमीनभाईंनी ध्यास घेतलाय. "वैनी, एकदा बघाय पायजे. आपल्या इटा कशा बसवल्यात, नीट हायेत का." मी दाजींना पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. नात्यातल्या माणसांना मी परवाना देऊ शकत नाही. अर्ज पाठवतो आहे. माझे साहेब ठरवतील. कारण खरे लिहावे. सोबत दोन छापील अर्ज.

ते दोन्ही मी त्याच दिवशी भरले. नावं, गाव, वय, उंची, ओळखीची खूण. अमीनभाईंनी आपल्या अर्जावर सही केली, मी माझ्या. फक्त 'भेटीचे कारण' ह्या रकान्यापुढं दोन ओळींची जागा आहे. अमीनभाई म्हणाले, "तुमी लिवा, तुमाला येतं." मी कच्च्या कागदावर 'कामाची पाहणी' असं लिहिलं, पण पाहणी करणं आमचं काम नाही. 'नातेवाइकांची भेट' लिहिलं, तर अमीनभाई कुणाचे नातेवाईक? 'भिंत बघणे' लिहिलं आणि वाचून पाहिलं. एवढ्यासाठी दोन माणसं बारामती-पिंपळीहून मुंबईला येतात हे कुठल्या साहेबाला खरं वाटेल, आणि ह्याहून खरं असं मला काही सुचत नाही. अर्ज वहीत ठेवलेत. तेवढा एक रकाना भरायचा राहिला आहे.